वासाची आजी हे नाव मी ठेवलं

आर्या, निनाद,

लीलाआजी गेल्याचं कळलं तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि मी परसात डब्यांतल्या कोथिंबिरीला पाणी घालत होते. बेळगावच्या दवाखान्यातून संजूचा फोन आला. "मोठी आई, आई गेली," एवढंच म्हणाला तो... मी झारी खाली ठेवली. मग झारी उचलून उरलेल्या दोन डब्यांना पाणी घातलं आणि घरात आले. त्याला आता सहा आठवडे होतील. लीला म्हणजे तुमच्या आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, माझी जाऊ. आणि संजू तिचा मुलगा, म्हणजे तुमचा मामा.

तुम्ही पाठवलेला कागद संजूने तेराव्याला मांडवात मोठ्याने वाचून दाखवला. "आमच्या वासाच्या आजीच्या हातांना पुदिन्याचा वास यायचा. आता ती देवाच्या घरी पुदिना लावेल." खाली तुम्ही हिरव्या पेन्सिलीने काढलेले दोन हात, बोटांच्या जागी पानं. रामनगरातल्या आमच्या आळीतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांतल्या निम्म्या जणींना ते नाव कुठून आलं हे चांगलं ठाऊक आहे. जेवणं झाल्यावर त्याच बायका मागे गेल्या आणि 'लीलाची आठवण' म्हणत पुदिना मुळासकट उपटून पिशव्यांत भरू लागल्या. एकीने पानओव्याचं झुडूप बुडापासून मोडलं, दुसरीने गवती चहाचा अख्खा ठोंब मातीसकट उचलला. जिच्या हातचं ताक यांनी एके काळी गटारात ओतलं होतं, तिचीच ही पानं. मला शिसारी आली. आणि मग आठवलं, त्यांच्यातली पहिली मी होते.

पुढच्या आठवड्यात संजू आला. त्याचं सुप्याच्या रस्त्याला पर्यटकांसाठीचं घर आहे, तुम्ही तिथे राहिला आहात. तो म्हणाला, "मोठी आई, तिकडं आईची झाडं लावतोय. लोकांना असलं लई आवडतं. 'वासाच्या आजीचं हर्ब गार्डन' असा बोर्ड करायचा. खाली पोरांचं चित्र. ते मूळचं चित्र तुझ्याकडंच हाय न्हवं?"

चित्र माझ्याकडेच आहे. मी ते अजून दिलेलं नाही. बोर्ड रंगवून उभा राहिला की ते नाव कायमचं होईल आणि तुमच्या हाताने होईल. तुम्हाला ते नाव सुगंधाचं वाटतं. ते तसं नाही. ते एका बाईला घरातल्या घरात दूर बसवण्यासाठी ठेवलेलं नाव आहे आणि ते ठेवणारी मी आहे. हे मी तुम्हा दोघांना वेगळं पत्र लिहूनही सांगू शकले असते. पण नाव चारचौघांत पडलं, चारचौघांनी वाढवलं, म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवते आहे. तुमची आई तुम्हाला वाचून दाखवेल. तिलाही यातलं अर्धंच माहीत आहे.

लीला कारवारकडची, खाडीकाठच्या गावातली. आमचं घराणं मूळचं खानापूरचं, इथे रामनगरात शेती आणि किराणा दुकान. सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे घरात मासळी-मटण वर्ज्य. लग्न ठरताना तिच्या घरच्यांना हे सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. तिला मात्र कोणी सांगितलं नसावं. आल्यावर तिसऱ्या दिवशी ती ताटाकडे बघून मला हळूच म्हणाली, "अक्का, तुमच्याकडं रोज उपवासच असतो व्हय?" मी हसले. सासूबाईंनी ऐकलं. त्या म्हणाल्या, "हाय त्ये खायाचं. न्हाई त्येचं नाव काढायचं न्हाई." लीलाने खरंच नाव काढलं नाही. वीस वर्षांची पोर, जन्मभर दोन्ही वेळा मासे खाल्लेली. ती एका दिवसात गप्प झाली, आणि आम्हा सगळ्यांना वाटलं की किती गुणाची, लगेच रुळली.

मी तेव्हा इथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. परसात माझे दहा डबे होते, रॉकेलचे, तळाला भोकं पाडलेले. प्रत्येकावर पत्र्याची पट्टी, पट्टीवर नाव आणि पेरल्याची तारीख. लीलाने आल्यावर वर्षभरात मोरीच्या पाण्याच्या वाटेवर स्वतःचं राज्य उभं केलं. तिथे ओळ नव्हती, तारीख नव्हती. मोरीच्या तोंडाशी पुदिना, त्याला लागून पानओवा, मग गवती चहा, भिंतीच्या सावलीत रानकोथिंबीर आणि कुंपणाच्या कोपऱ्यात कढीपत्ता. धणे ती चपलेखाली रगडून दुभंगायची, रात्रभर भिजवायची आणि दर आठवड्याला मूठभरच पेरायची, म्हणजे कोवळी कोथिंबीर कधी संपत नाही. कढीपत्त्याची पानं ओरबाडायची नाहीत, अख्खी डहाळी कापायची, म्हणजे तिथून दोन फुटतात. मुळाशी आंबट ताक. माव्याला राख. आमच्या या जोयडा तालुक्यातल्या पावसात साधी कोथिंबीर चार दिवसांत कुजते, माझी दर वर्षी कुजायची. तिची रानकोथिंबीर मात्र तेव्हाच माजायची. लांब, करवतीच्या दातांसारखी पानं. चुरगळली की ढेकणाचा वास येतो, निनाद, तू एकदा 'शी!' करून पळाला होतास. पण आमटीत घातली की तो वास कुठे जातो कळत नाही आणि आमटी मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत लक्षात राहते. पावसाळाभर अख्खी आळी तिच्याकडून पानं न्यायची. इतक्या उग्र वासाची झाडं हिने नेमकी मोरीशीच का लावली, हा प्रश्न मला चार वर्षं पडला नाही. माझं लक्ष माझ्या पट्ट्यांवर होतं.

मग एका दुपारी शाळा लवकर सुटली. मी मागच्या वाटेने आले. शेजारी सावित्रीबाई राहायच्या, अजून राहतात. त्यांचा नवरा सुप्याच्या धरणावर कामाला होता, घर मासे खाणारं. त्यांच्या न्हाणीपाशी लीला उकिडवी बसली होती. पुढ्यात बांगडे. ती ते साफ करत होती आणि त्यांच्या कोकणीत बोलत, हसत होती. तिला तसं हसताना मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. तिने एकही मासा खाल्ला नाही, नुसते साफ केले. कल्ले काढले, पोट चिरलं, तीन पाण्यांत धुतले, ओळीने थाळ्यात मांडले. मग ते लालसर पाणी एका पातेल्यात घेऊन कुंपणातल्या फटीतून आमच्या परसात आली आणि कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं, अगदी सावकाश, आळ्यात गोल फिरवून. त्यानंतर मोरीशी बसली. रानकोथिंबिरीची मूठभर पानं तोडून कोपरापर्यंत हात चोळले. हुंगले. मग पानओवा चोळला. परत हुंगले. मग पुदिना.

तेव्हा मला त्या झाडांची रचना कळली. हाताच्या अंतरावर, उग्र वासाकडून गोड वासाकडे.

मला किळस आली. नुसती वाटली असं नाही, मी तिथेच कुंपणाला धरून ओकले. लीला धावत आली. "अक्का, काय झालं? ऊन लागलं का?" म्हणून तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी तो झटकला. "पातेलं कुठलं ते?" मी विचारलं. ती म्हणाली, "जुनं हाय अक्का. सैपाकाचं न्हवं. देवाशपथ." मग खाली बघून म्हणाली, "झाडाला चांगलं असतं."

झाडाला चांगलं असतं हे खरं आहे. पण ती तिथे झाडासाठी जात नव्हती हे मला कळलं होतं. ज्या बाईला माशाची चव बंद झाली, तिने स्वतःसाठी नुसता स्पर्श राखून ठेवला होता. आठवड्यातून दोनदा, शेजारणीच्या न्हाणीत, अर्धा तास. मला हे त्या क्षणी कळलं, आणि कळूनही मी जे केलं ते केलं.

सासूबाईंना मी लगेच सांगितलं. मला वाटलं त्या आकांत करतील. त्यांनी तांदूळ निवडणं थांबवलंसुद्धा नाही. "हात धुतल्यान न्हवं? मग? पानी त्ये, मातीत गेलं. तुझ्या सासऱ्याला सांगू नगंस म्हंजे झालं." आणि वर मला म्हणाल्या, "तू शिकल्याली बाई. तुला आमच्यापरास जास्त घाण दिसती बघ." अक्षरओळख नसलेली माळकरी बाई एवढ्यावर विषय संपवून तांदूळ निवडू लागली. मी संपवला नाही. मी जातीपातीचं, सोवळ्याचं काही बोलले नाही. ते बोलणं मला मागासलेलं वाटलं असतं. मी जंतू म्हणाले. इंग्रजी पुस्तकातून शिकलेली स्वच्छता म्हणाले. त्या संध्याकाळी तुमची आई आणि तिचा सख्खा भाऊ, तुमचा थोरला मामा, पाटावर बसले होते, लीला भाकरी वाढायला आली, आणि मी पोरांना म्हणाले, "आधी काकीचे हात हुंगा. वास येतो का बघा."

पोरंच ती. दोघांनी तिचे हात धरून हुंगले. लीला भाकरी धरून उभी. "येतो!" दोघंही ओरडली. खरं तर पुदिन्याचाच येत असणार. दुसऱ्या दिवसापासून घरात 'वासाची काकी' सुरू झालं. मी ऐकलं आणि थांबवलं नाही. आठवड्यात ते आळीत गेलं. मी आमच्या मुलांना तिच्या हातचं वाढून घेऊ देईनाशी झाले. चटणी केली असेल तर 'आज पोटं बिघडलीत' म्हणायचं. ती वाढायला आली की हात पदराखाली घ्यायची. पुढे पुढे तर मुलं जवळ आली तरी हात पाठीमागे जायचे, आपोआप.

उळवीच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या तेव्हा आमच्या आळीत थांबायच्या. यात्रेकरूंना मठ्ठा द्यायची आमच्या घरची रीत होती. आलं, पुदिना, कढीपत्ता, सगळं लीलाच्या परसातलं. त्या वर्षी मी आळीतल्या बायकांना बाजूला घेऊन त्या कढीपत्त्याचं सांगितलं. देवाला जाणारी माणसं, त्यांना असलं कसं द्यायचं, असं म्हणाले. देवाची मला एवढी काळजी कधीपासून, असं विचारणारं कोणी नव्हतं. लीलाने पहाटेच करून ठेवलेला मठ्ठा बायकांनी गटारात ओतला. माझ्या डब्यांतल्या कोथिंबिरीच्या पिवळ्या पडलेल्या काड्या घालून नवा केला. डहाळ्यांनी भरलेली तिची टोपली दिवसभर कट्ट्यावर उन्हात सुकत राहिली. गाडीतून उतरलेली एक म्हातारी तिथे आली, एक डहाळी उचलून कच्चीच चावू लागली आणि एकीला 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण, म्हणत कन्नडमध्ये विचारलं, "ही कुणाची, तंगी? असा घमघमाट कुठं मिळत न्हाई." कोणी उत्तर दिलं नाही. लीला दारातच होती.

मग वर्षं गेली. सासू-सासरे गेले, मुलं शिकून बाहेर पडली. नाव मात्र राहिलं आणि वापरून वापरून गुळगुळीत झालं. तुम्ही पहिल्यांदा सुट्टीला आलात तेव्हा तुमच्या आईने सहज सांगितलं, "ही वासाची आजी." आर्या, तू लगेच विचारलंस, "कसला वास?" लीलाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग तुम्हाला डोळे मिटायला लावून तिने एकेक पान नाकाशी धरलं. "वळखा बघू." तुम्ही ओळखत गेलात, चुकत गेलात, हसलात. शेवटी तिने आपले दोन्ही हात तुमच्यापुढे धरले. इतक्या वर्षांनी पुढे केलेले हात... तुम्ही ते हुंगलेत आणि म्हणालात, मस्त. तिने तुम्हाला त्या नावाचा दुसरा अर्थ करून दिला. मी तिथेच बसले होते, शेंगा सोलत. मी काही बोलले नाही. पुढच्या सुट्टीतही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. तुम्ही तिच्यावर प्रेम करत होता आणि त्यात माझी घाण आयती झाकली जात होती. ते मला सोयीचं होतं.

दवाखान्यात न्यायच्या दोन दिवस आधी मी तिच्याजवळ बसले होते. तिला अन्न जात नव्हतं. मी पुदिन्याची काडी नाकाशी धरली. ती म्हणाली, "काय लागत न्हाई अक्का नाकाला." तेव्हा मी म्हणाले, "लीला, ते नाव... ते पोरांचं नव्हतं. मी लावून दिलं होतं." मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणाली, "मला ठावं हाय. मी भाकरी घिऊन हुबी हुते की. तुमी नाव ठेवलासा, नातवंडांनी गोड केलं. आता त्यात तुमचं काय ऱ्हायलंय?"

मी माफी मागायला बसले होते. तिने ती मागू दिली नाही. हे मला पूर्ण कळायला आठवडे लागले. तिने मला माफ केलं नाही, आणि ते बरोबर केलं.

परवा संजू परत चित्र मागायला आला. मी त्याला बसवलं आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मोठी आई, आता कुणाला काय म्हाईत हाय? जाऊ दे की." मी म्हणाले, "तुझ्या आईला माहीत होतं." तो उठून मोरीपर्यंत जाऊन आला. "बरं. ते न्हाई लिवत. मग काय लिवू? 'लीला' लिवतो."

लीला हे नाव आमच्याकडचं, लग्नात ठेवलेलं. आमच्याकडे नवी सून आली की तांदळात तिचं नवं नाव लिहितात आणि जुनं त्या दिवशी संपतं. मी संजूला विचारलं, "तिचं माहेरचं नाव काय रे?" त्याला माहीत नव्हतं. "मामाकडं सगळी 'बाय' म्हणायची." मलाही माहीत नव्हतं. एका घरात इतकी वर्षं काढून मला ते एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या घराची मला आणखी एकदा किळस आली.

मी कुंपणाशी गेले. सावित्रीबाई आता काठी घेऊन चालतात. मी तिचं माहेरचं नाव विचारलं तशी त्या माझ्याकडे वेड्यासारखं बघू लागल्या. "लीला ती तुमची. माजी ती चंदा. पयल्या दिसापासून. मासळीवाल्याचा भोंगा वाजलो, की हांव हांगाच्यान हाक मारतां न्हय?"

संजू मागून म्हणाला, "चंदा? अगं, मला वाटायचं ही मांजरीला हाक मारते."

मला तेही वाटलं नव्हतं, कारण मी ती हाक कधी ऐकलीच नव्हती. आधी शाळेत असायचे. आणि निवृत्त झाल्यावर, भोंगा वाजला की पहिलं काम म्हणजे मागचं दार लावून घेणं. वास आत येऊ नये म्हणून.

चित्र माझ्याकडेच ठेवते आहे. ते तुमचं आहे, तुम्ही ठरवा. चित्रावरचं नाव बदलून ते बोर्डासाठी द्यायचं असेल तर कळवा, नको असेल तर तसं कळवा.

आता भोंगा वाजतो तेव्हा मी मागचं दार उघडं ठेवते. वास येतो आणि मला अजूनही मळमळतं, ते काही गेलं नाही. सावित्रीबाई मासे धुतात, पातेलं कुंपणाच्या दगडावर ठेवतात आणि सवयीने हाक मारतात, "चंदा गे, उदक!" मग त्यांच्या लक्षात येतं आणि त्या तिथेच काठीवर रेलून उभ्या राहतात. मी जाऊन पातेलं उचलते, कढीपत्त्याच्या मुळाशी ओतते. पण त्या हाकेला मी ओ देत नाही. ती माझ्यासाठी नाही.